आठ पातेली सूप

सूप करायचं मी ठरवलं ते एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, आणि त्याला भूक हे कारण नव्हतं. भूक असती तर मी पाव खाल्ला असता. (गेले अकरा महिने तेच करतोय. पाव आणि जॅम. बदल हवासा वाटला तर जॅम आणि पाव.) कारण निराळंच होतं. नुकताच बायकोचा फोन येऊन गेला होता, आणि त्या फोनवर मी नको ते बोलून बसलो होतो.

बायको लिफ्ट तपासते. सरकारी लिफ्ट निरीक्षक आहे ती. दोर झिजलाय का, दार नीट लागतं का, मध्येच अडकली तर घंटा वाजते का, हे सगळं बघून ती सही करते आणि मग लोक निर्धास्तपणे वर-खाली करतात. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, पण अजूनही तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरलो की ती आधी वर बघते, मग खाली बघते आणि मग माझ्या पोटाकडे बघते. गेल्या वर्षी तिला बढती मिळाली आणि लांबच्या शहरात नवं ऑफिस मांडून द्यायला वर्षभरासाठी पाठवलं. रेल्वेने चौदा तास. निघताना तिने विचारलं होतं, "राहाल ना हो एकटे?" मी म्हणालो होतो, "न राहायला काय झालंय मला?" काय काय होतं ते मला पुढच्या आठवड्यातच कळलं, पण तोवर गाडी सुटली होती.

तर त्या रविवारी ती फोनवर म्हणाली, "अहो, इथले साहेब म्हणतायत, अजून एक वर्ष थांबा. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी सही करून द्यायची आहे. थांबणार की नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते सांगतो. मला वाटत होतं की अजून एक वर्ष म्हणजे पुन्हा तीनशे पासष्ट दिवस. मला वाटत होतं की पलंगाखाली तिच्या घरात घालायच्या सपाता आहेत, त्या मी केर काढताना न हलवता बाजूबाजूने झाडतो, आणि आता त्यांच्याभोवती केराची एक चौकटच तयार झालीय. मला वाटत होतं की संध्याकाळी कुलूप उघडताना मी अजूनही "आलो गं" म्हणतो आणि मग आत जाऊन स्वतःच "बरं" म्हणतो.

पण मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार कक्षात चोवीस वर्षं कारकुनी केली आहे. अडचणीचा प्रश्न आला की माझ्या तोंडून आपोआप कार्यालयीन भाषा बाहेर पडते.

"माझी काही हरकत नाही," मी म्हणालो.

"हरकत नाही?"

"मुळीच नाही. मी मजेत आहे. तू तुझं बघ."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवला. तिचं एरवीचं 'बरं' चांगलं लांबलचक असतं. हे फारच आखूड होतं.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. काही सुचेना. आणि एकदम मला तिच्या हातच्या बटाट्याच्या सूपची इतकी जबरदस्त आठवण झाली की डोळ्यांत पाणीच आलं. (कांदा अजून चिरायचा होता, हे लक्षात घ्या.) बटाटा, गाजर, कांदा, बस्स. वाडगा टॉवेलात धरून ती ते आणायची. जगात कितीही वाईट चाललेलं असलं तरी पहिल्या चमच्याला सगळं जागेवर यायचं. म्हटलं, ठीक आहे. बायको चौदा तासांवर आहे, पण सूप तर वीस मिनिटांवर आहे!

लगेच उलट फोन लावला.

"ते सूप कसं करतेस गं?"

"कुठलं सूप?" तिला आश्चर्य वाटलं. "ते होय? का, काय झालं?"

"काही नाही झालं. सहज."

"अहो सोपं आहे. बटाटे, गाजर, कांदा चिरा. बुडतील इतकं पाणी घाला. मऊ झालं की घोटा. मीठ बेताचं."

"बेताचं म्हणजे किती?"

"म्हणजे जास्त नाही."

"कमी?"

"कमी पण नाही हो."

"मग नेमकं?"

"नेमकं बेताचं!"

मी कागदावर लिहून घेतलं, खाली तारीख टाकली आणि सवयीने सहीही केली. पहिलं पातेलं त्याच दुपारी चढलं. 'बुडतील इतकं पाणी' मी जरा उदारपणे घेतलं असावं, कारण तासाभराने पातेल्यात स्वच्छ गरम पाणी होतं आणि तळाशी भाज्या अगदी स्पष्ट दिसत होत्या. मी त्यातलं थोडं प्यालो. आमच्या कार्यालयात लोक गढूळ पाण्याची बाटली पुरावा म्हणून आणतात, ते पाणी साधारण याच रंगाचं असतं. फोटो काढून बायकोला पाठवला. खाली लिहिलं, 'जमलं नाही.' तिचं उत्तर आलं, 'पाणी कमी घाला.'

दुसऱ्या वेळी पाणी कमी घातलं आणि घोटायला मिक्सर घेतला. गरम सूप मिक्सरमध्ये घालून झाकण घट्ट दाबायचं नसतं म्हणे. नुसतं ठेवायचंही नसतं म्हणे. नेमकं काय करायचं असतं ते मला अजून कळलेलं नाही, कारण बटण दाबल्याबरोबर झाकण एकीकडे गेलं आणि सूप छताला गेलं. खाली परत आलं ते निम्मंच. उरलेलं छतावर बसलं. चांगला हातभर डाग, गाजराच्या रंगाचा. मी त्याचाही फोटो पाठवला. (कार्यालयीन शिस्त. नुकसान झालं की फोटो.) या वेळी तिचं उत्तर बऱ्याच वेळाने आलं. 'भाजलं नाही ना कुठे?'

तिसऱ्या पातेल्याला मी मिक्सरचा नाद सोडला आणि हाताने घोटलं. पाणी इतकं कमी पडलं की चमचा उभा राहिला. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त दंतवैद्य राहतात, एकटेच. वास आला म्हणून डोकावले. मी त्यांना वाडगा दिला. त्यांनी चमचाभर तोंडात घेतलं, जीभ फिरवली, थोडा विचार केला.

"आमच्या वेळी दातांचा साचा घ्यायला असंच मिश्रण वापरायचो," ते म्हणाले. "हे जास्त छान बसलंय."

चौथ्याला मीठ दोनदा पडलं. पाचवं मात्र जमलं. खरंच जमलं! दाट, मऊ, वर थोडी मिरपूड, वाफा निघतायत. मी हात धुतले, स्वच्छ शर्ट घातला, टेबलापाशी बसलो, टॉवेलात वाडगा धरला, डोळे मिटले आणि चमचा तोंडात घातला.

बटाट्याचं सूप होतं.

बस्स. त्यापलीकडे काही नाही. चवीला चांगलं होतं, नाव ठेवायला जागा नव्हती, पण ते काही 'ते' सूप नव्हतं. मी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. काही जागेवर आलं नाही. समोर रिकामी खुर्ची होती ती तशीच रिकामी राहिली. तुम्हाला हसू येईल, पण बावन्न वर्षांचा माणूस एका वाडग्याकडून काहीतरी मागत बसला होता आणि वाडगा देत नव्हता. दंतवैद्यांनी मात्र दोन वाडगे संपवले.

मी बायकोला फोटो पाठवला आणि लिहिलं, 'कृती पूर्णपणे पाळूनही अपेक्षित परिणाम मिळत नाही. कृतीत एखादी बाब नमूद करायची राहिली आहे काय, कृपया तपासावे.'

तिचा फोनच आला. "अहो, किती सुरेख दिसतंय! तुम्ही तर शिकलात की! मला उगीच काळजी, तुम्ही उपाशी राहत असाल म्हणून. आता काही काळजी नाही बाई मला."

फोन ठेवला आणि मला दरदरून घाम फुटला. काळजी नाही? म्हणजे मी दोन आठवडे खपून, बोटं भाजून घेऊन, काय सिद्ध केलं होतं? तर हा माणूस एकटा उत्तम राहू शकतो! मी स्वतःच्या हाताने, फोटोसकट, तिच्या मुक्कामाला मुदतवाढ मिळवून देत होतो!

आता यावर एक साधा उपाय होता. फोन उचलायचा आणि म्हणायचं, 'ये बाई परत.' तीन शब्द. पण ती बढती तिला किती वर्षांनी मिळाली होती ते मला माहीत होतं. तिथे तिच्या हाताखाली सहा माणसं होती. पहिला पगार झाल्यावर त्या सहाजणांना तिने चहा पाजला ते मला फोनवर सांगताना तिचा आवाज कसा झाला होता, तेही मी ऐकलं होतं. अशा बाईला काय सांगायचं, की मला घर खायला उठतं, तेव्हा तू तुझं सोड आणि ये? माझी जीभ उचलत नव्हती.

म्हणून मी डोकं चालवलं. (माझं डोकं चालू लागलं की आसपासच्यांनी खरं तर सावध व्हायला हवं.) ठरवलं की सहावं सूप मुद्दाम बिघडवायचं. इतकं, की फोटो बघूनच तिला माझी दया यावी. बटाटे वेडेवाकडे चिरले, कांदा करपू दिला, फ्रिजमध्ये पडलेलं अर्धं लोणी आणि कुठल्याशा डबीतला सुका पाला न बघता लोटला, आणि पातेलं गॅसवर तसंच सोडून वर्तमानपत्र वाचत बसलो.

थोड्या वेळाने दार वाजलं. दंतवैद्य. हातात स्वतःचा डबा.

"आज काय केलंत काय?" ते म्हणाले. "जिन्यापर्यंत वास आलाय!"

सोन्यासारखा रंग आला होता. मी आयुष्यात इतकं चांगलं काही केलेलं नाही, लग्न धरून. ते नंतर म्हणाले की कृती लिहून द्या. मी म्हणालो, मलाच माहीत नाही. त्यांना वाटलं मी लपवतोय. फोटो पाठवायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण एवढा सुंदर रंग बघून मोह आवरेना. पाठवला. तिचं उत्तर आलं, 'वा! वा! वा!' तीनदा. मी ते वाचून आधी खूश झालो आणि मग डोक्याला हात लावून बसलो.

सातवं पातेलं मी डब्यात भरून ऑफिसात नेलं. शेवटचा आठवडा उजाडला होता. आमच्या हेडक्लार्कबाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांच्यासमोर आलेला तक्रारदार कितीही ओरडत असला तरी त्या आधी त्याला पाणी देतात आणि विचारतात, 'घरी कोण कोण असतं?' आणि तो माणूस नळाचं विसरून भलतंच काहीतरी सांगत बसतो. त्यांनी सूप चाखलं.

"छान आहे की. मग तोंड का असं?"

"तसं लागत नाहीये, बाई. हिच्या हातचं लागतं तसं."

"तिला येत्या शुक्रवारी सही करायचीय म्हणालात ना? तुम्ही काय सांगितलंत?"

"हरकत नाही म्हणून सांगितलं."

"आणि आहे का हरकत?"

मी डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागत नव्हतं, म्हणून पुन्हा लावलं.

"अहो, काय माणूस आहात!" बाई म्हणाल्या. "नको म्हणायचं की हो म्हणायचं ते ती ठरवेल. तुम्हाला काय होतंय ते तरी तिला कळू द्या. तुम्ही तोंड शिवून बसणार आणि बटाट्यांना कामाला लावणार!"

बाईंचं पटलं. तरी त्या दिवशी घरी जाऊन मी फोन केला नाही. फोन करायच्या ऐवजी छत पुसायला घेतलं. म्हटलं, उद्या ती आलीच, तर हे बघायला नको. टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी, हातात ओलं फडकं, खाली पंखा लावलेला. दोन तास गार पाणी कोपरापासून बगलेपर्यंत ओघळत राहिलं. डाग पुसला गेला नाही, पसरला. गुरुवारी सकाळी उठलो तो नाक दोन्हीकडून बंद, घसा धरलेला, अंग तापलेलं.

रजेचा निरोप दिला आणि दुपारी, दुसरं काही खाववत नव्हतं म्हणून, आठवं पातेलं चढवलं. कसंबसं. अर्धी सालं तशीच राहिली. मीठ घातलं की नाही ते आठवत नाही. वाडगा टॉवेलात धरून पलंगावर बसलो आणि पहिला चमचा घेतला.

तेच!

अगदी तेच सूप! तीच ऊब, तसंच घशातून सावकाश उतरणं, तेच. मी ताडकन उठून उभा राहिलो आणि चक्कर आली म्हणून परत बसलो. या वेळी मी काय निराळं केलं होतं? काहीच नाही. मग डोळ्यांपुढे एकेक प्रसंग यायला लागला. लग्नानंतरचा पहिला फ्लू. खात्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशीची सर्दी. पडसं महिनाभर हटलं नव्हतं ते वर्ष. दरवेळी ते सूप, दरवेळी गळ्याभोवती माझा मफलर आणि दरवेळी माझं नाक ठार बंद. ती ते सूप करायची ते फक्त मी आजारी असताना. बावीस वर्षांत मी एकदाही त्याची चव घेतलेली नव्हती! ते कसं लागतं ते मला माहीतच नव्हतं. मी तीन आठवडे एका चवीचा शोध घेत होतो, आणि चव नावाची गोष्ट त्यात कधी नव्हतीच.

मग होतं काय त्यात? तर अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलेली ती होती. कपाळाला आधी तळहात लावायची, मग हात उलटा करून पुन्हा लावायची, कारण एकदाच तपासून सही करायची तिला सवय नाही. आणि शेवटी दटावणं असायचं, "संपवा. तळाशी ठेवायचं नाही." मी स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. काही कळलं नाही, दोन्ही सारखीच गरम होती. अर्धा वाडगा तळाशी राहिला. 'संपवा' म्हणायला कोणी नव्हतं, आणि मी सरळ रडलो. सर्दीत रडणं फार गैरसोयीचं असतं, पण रडलो.

ठरवलं, आता बोलायचं. सकाळी उठलो की पहिलं काम तेच, तिने सही करायच्या आत. तापाची गोळी घेतली आणि झोपलो. मध्ये कधीतरी दार वाजल्यासारखं वाटलं, कधीतरी पाणी प्यालो, पुन्हा गोळी घेतली. डोळे उघडले तेव्हा लख्ख सकाळ होती. फोन मरून पडला होता. चार्जिंगला लावला आणि जीव आल्याबरोबर तिला लावला.

"अहो, आहात कुठे तुम्ही?"

"आधी ऐक," मी म्हणालो. "मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला जमायचं नाही. माझी हरकत आहे. खूप हरकत आहे. मी मजेत वगैरे काही नाही. मला करमत नाही. घरात आलं की कोणाशी बोलावं कळत नाही. मी आठ वेळा सूप केलं, पण मला सूप नकोच होतं गं. मला तू हवी आहेस. तुझी बढती मोठी आहे, मला कळतं, तू थांबायचं ठरवलंस तर मी राहीन, रडतखडत राहीन, पण हरकत नाही असं आता म्हणणार नाही. झालं. आता बोल."

"अहो," मग ती हळूच म्हणाली, "आज शनिवार आहे."

"शुक्रवार."

"शनिवार. सही काल झाली."

मी बसलेलाच होतो, आणखी बसलो. "एक वर्ष?" मी विचारलं.

"एक वर्ष कसलं? थांबणार नाही म्हणून सही केली. पंधरा तारखेला घरी येतेय. जुन्या हुद्द्यावर नाही हं, बढती घेऊनच. ते सांगायलाच कालपासून फोन करतेय, तर तुमचा बंद!"

"पण तू तर म्हणालीस, काळजी नाही..."

"मग काय म्हणणार? अहो, ते आजाऱ्याचं सूप आहे. धडधाकट माणसाला दोन घास जात नाहीत त्याचे. मी स्वतः कधी खाल्लं नाही. आणि तुम्ही तीन आठवडे तेच करून खाताय, वर मला फोटो पाठवताय. तुम्हाला कुठेतरी दुखतंय हे मला कळायला नको?"

"कधी कळलं?"

"पहिल्याच फोटोला."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा फाटला. "म्हटलं, बावीस वर्षांत एकदा तरी तोंडाने बोलतील. नाहीच बोललात. मग म्हटलं, जाऊ दे, आता मलाच राहवत नाही. सहा माणसांवर साहेबगिरी करून खोलीवर यायचं आणि भिंतीकडे बघत जेवायचं. मला नाही का करमायला हवं?"

इतक्या पुरुषांमधून हिने मलाच का पसंत केलं हे कोडं मला बावीस वर्षं सुटलेलं नाही, पण त्या क्षणी ते सुटलं नाही तरी चालेल असं वाटलं. म्हणजे मी इतकाही टाकाऊ नाही. एका मोठ्या शहरातली मोठी अधिकारी केवळ माझ्यासाठी परत येत होती. मी उशीला टेकलो, नाक पुसलं आणि जरा ऐटीत विचारलं, "मग साहेबांनी एवढ्या सहजी सोडलं तुला?"

"कारण लिहून द्यावं लागलं ना."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं, घरी सांभाळायला कोणी नाही. तर साहेब म्हणाले, 'अरेरे, आधी नाही का सांगायचं? मूल केवढं आहे?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"खोटं कशाला बोलू? म्हटलं, बावन्न वर्षांचं."

"आणि ते हसले असतील."

"नाही हो, मुळीच हसले नाहीत. त्यांच्या बायकोलाही सांभाळावं लागतं म्हणे साधारण याच वयाचं. म्हणाले, 'फार हट्टी असतात या वयात. पंधरा तारखेपर्यंत तरी शेजाऱ्यांना सांगा, लक्ष ठेवायला.' म्हणून मी दंतवैद्यांना फोन करून ठेवलाय. ते रोज दोनदा येतील तुम्हाला भरवायला."